सलाईनबरोबर थायमिन

[दृश्य: रुग्णालयाचा अपघात विभाग, रात्र]

वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस इथे आणला जातो, तेव्हा बहुतेकदा त्याचं जेवण कधीच सुटलेलं असतं. दारू, मूठभर फुटाणे आणि झोप. शरीरात थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा साठा मुळातच तुटपुंजा, सुमारे ३० मिलिग्रॅम. आवक थांबली की दोन-तीन आठवड्यांत तो संपतो. त्यात दारूमुळे आतडं ते नीट शोषत नाही आणि खराब झालेलं यकृत साठवत नाही.

थायमिनशिवाय मेंदूला साखरेतून पुरेशी ऊर्जा काढता येत नाही. थॅलॅमस आणि मॅमिलरी बॉडी हे स्मरणशक्तीशी जोडलेले भाग त्यात आधी जायबंदी होतात. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये या आजाराची तीन लक्षणं नोंदवली: मनाचा गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणं. तिन्ही एकदम दिसतील असे रुग्ण थोडेच. म्हणून ‘चढलीय, सकाळी उतरेल’ म्हणत घरचे त्याला झोपवून ठेवतात, आणि हातातले मोलाचे तास जातात. पुढची पायरी कोर्साकॉफ नावाच्या स्मृतिविकाराची. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. ती पोकळी रुग्ण न घडलेल्या गोष्टींनी भरतो. त्याला खोटं बोलायचं नसतं. इथवर पोचल्यावर पूर्ण बरे होणारे कमी.

[दृश्य: परिचारिका इंजेक्शन भरते]

वेर्निकेच्या या आजाराचा संशय असेल तर ब्रिटनमधल्या प्रचलित पद्धतीत शिरेतून ५०० मिलिग्रॅम थायमिन, दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस देतात. सुरुवातीला गोळ्यांवर भागत नाही, कारण आतडं एका वेळी जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम घेतं. नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. मात्र रक्तातली साखर उतरली असेल तर ग्लुकोज अडवून ठेवायचं नाही. दोन्ही सोबत द्यायचं. मॅग्नेशियमही तपासावं. ते कमी असलं तर थायमिन देऊनही गुण येत नाही.

नातेवाइकांनी डॉक्टरांना न लाजता सांगावं: रोज किती पितात, शेवटचं पोटभर जेवण कधी झालं, उलट्या किती दिवस होताहेत, आणि थायमिन दिलंय का, हेही थेट विचारावं. घरच्या घरी दारू एकदम तोडू नका. फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४४६.