आधी कोण? वारशाचा क्रम लावणारी सी-थ्री पद्धत

(पडद्यावर चार चौकटी: वर ‘दस्तऐवज’, मध्ये ‘छपाई’ आणि ‘सही’, खाली ‘करारपत्र’.)

हे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतले चार क्लास, म्हणजे वस्तू घडवायचे साचे. एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेतला, की त्याच्याकडची कामं याला आयती मिळतात. ‘दस्तऐवज’ सगळ्यांत वरचा. त्याच्यापासून ‘छपाई’ आणि ‘सही’ निघाले, आणि त्या दोघांचा वारसा घेऊन ‘करारपत्र’ तयार झाला. ‘जतन’ ही मेथड, म्हणजे क्लासला सांगता येणारं काम, मूळची ‘दस्तऐवज’मधली. ‘सही’ने ती बदलली आहे: सही तपासल्याशिवाय काहीही साठवायचं नाही. ‘छपाई’ने तिला हात लावलेला नाही.

करारपत्राला ‘जतन’ सांगितलं, तर कुणाची मेथड चालेल?

पायथनच्या जुन्या नियमात शोध डावीकडून सुरू होऊन थेट मुळापर्यंत जायचा. करारपत्र, छपाई, दस्तऐवज. इथे ‘जतन’ सापडली की शोध थांबला. ‘सही’पर्यंत कुणी पोचलंच नाही. करार न तपासता साठवला गेला आणि एररही आली नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत धोक्याची वाटते.

२००१च्या अखेरीस आलेल्या पायथन २.२ने नव्या धाटणीच्या क्लाससाठी नियम बदलला. शोधाच्या क्रमात एखाद्या क्लासचं नाव दोनदा आलं, तर शेवटचं ठेवायचं. या चौकोनापुरतं उत्तर बरोबर आलं. पण वारशाचं जाळं दाट झालं की क्रम उलटू शकायचा: वरच्या क्लासमध्ये जो पुढे, तो खालच्यात मागे. ऑक्टोबर २००२मध्ये प्रोग्रॅमर सॅम्युएले पेद्रोनी यांनी हे उदाहरण देऊन दाखवलं. उपाय तयार होता. डिलन या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी किम बॅरेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलेली सी-थ्री पद्धत २००३च्या पायथन २.३मध्ये आली.

(तीन याद्या एकाखाली एक.)

पहिली यादी, ‘छपाई’चा क्रम: छपाई, दस्तऐवज. दुसरी, ‘सही’चा: सही, दस्तऐवज. तिसरी, करारपत्र लिहिणाऱ्याने स्वतः दिलेला क्रम: छपाई, सही. या तिन्ही विलीन करायच्या, आणि नियम एकच. यादीच्या तोंडाशी असलेलं नाव तेव्हाच उचलायचं, जेव्हा ते दुसऱ्या कुठल्याही यादीत कुणाच्या मागे उभं नसेल.

‘छपाई’ कुणाच्या मागे नाही, उचला. पुढे ‘दस्तऐवज’, तो दुसऱ्या यादीत ‘सही’च्या मागे आहे, थांबवा. ‘छपाई’ सगळ्या याद्यांतून गेल्यामुळे ‘सही’ मोकळी आहे, उचला. आता ‘दस्तऐवज’. म्हणजे ‘सही’ची ‘जतन’ आधी सापडते आणि करार तपासला जातो.

आणि क्रम लागतच नसेल तर? एका क्लासने ‘छपाई, सही’ म्हटलं, दुसऱ्याने ‘सही, छपाई’, आणि तिसऱ्याने दोघांकडून वारसा मागितला, तर एकही नाव उचलता येत नाही. पायथन तो क्लास बनवायलाच नकार देतो. कुठलातरी क्रम गृहीत धरून पुढे जाण्यापेक्षा हा नकार कितीतरी प्रामाणिक आहे.

एक गोष्ट मात्र शिकवताना बहुतेकदा राहून जाते. ‘सुपर’ म्हणजे क्रमातल्या पुढच्या क्लासची मेथड बोलावण्याची सोय. करारपत्र वापरताना ‘छपाई’मधून ‘सुपर’ला हाक मारली, तर ती ‘दस्तऐवज’कडे जात नाही. ती ‘सही’कडे जाते. ‘छपाई’ लिहिणाऱ्याला ‘सही’ नावाचा क्लास आहे हे ठाऊकही नसेल! म्हणून अशा वारशात एकाच नावाच्या मेथडना मिळणारी माहिती एकमेकींशी जुळती ठेवावी लागते. लागलेला क्रम पाहायचा असेल, तर क्लासला त्याचा ‘एमआरओ’, म्हणजे मेथड शोधण्याचा क्रम, विचारा. करारपत्र, छपाई, सही, दस्तऐवज आणि सर्वांत शेवटी पायथनचा स्वतःचा ‘ऑब्जेक्ट’.