डासांवर निंबोळीचं तेल

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस सुरू झाला की दिवेलागणीला दारं-खिडक्या लावायच्या आणि कॉइल पेटवायची, हे घरोघरी ठरलेलं. बंद खोलीतला तो धूर डासांआधी आपल्याच छातीत जातो. कडुनिंबाचा पाला जाळला तरी तेच. धुरी गोठ्यात ठीक आहे, पाळण्याजवळ नको.

कडुनिंबाचा खरा उपयोग करायचा तर निंबोळीकडे वळा. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खोबरेल तेलात २ टक्के निंबोळी तेल मिसळून ते अंगाला लावलं, तर मलेरियाचा डास रात्रभर जवळ फिरकत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणजे १०० मिली खोबरेलात २ मिली निंबोळी तेल, चहाचा अर्धा चमचाही नाही. इतकं स्वस्त औषध घरात दुसरं कुठलं असेल?

ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचा, गर चोळून धुऊन टाका, बिया सावलीत वाळवा. एका घरच्या बिया घाण्याला पुरत नाहीत. बचत गटानं मिळून गोळा केल्या तर जमतं. नाहीतर घाण्याचं शुद्ध तेल विकत आणा. मात्र पिकावर फवारायचं म्हणून जे निंबोळी तेल दुकानात मिळतं, ते अंगाला लावू नका. पाण्यात मिसळावं म्हणून त्यात इतर रसायनं घातलेली असतात. आधी मनगटाला थोडं लावून एक दिवस वाट पाहा. तान्ह्या बाळाला लावू नका आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, हे तेल पोटात गेलं तर विषबाधा होते. वास उग्र आहे, हेही सांगून ठेवतो. लग्नाला जाताना कोणी लावणार नाही!

गवती चहाचं काय, असं बरेच जण विचारतात. नुसती कुंडी दारात ठेवून डास हटत नाहीत. पात चुरगाळली की तेल सुटतं, पण ते लवकर उडून जातं आणि पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो, आणि त्याच्यावर निंबोळी तेलाचा असर कमी दिसतो. त्याची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी रिकामं करायच्या ‘कोरड्या दिवशी’ पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, काथ्यानं आतून खरवडून घासावं लागतं.