आगीनंतरचे रंग

(कॅडिलॅक डोंगराचा माथा, सूर्योदय)

ऑक्टोबरचा मध्य. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे आणि त्याच्या किनाऱ्याला बिलगून माउंट डेझर्ट बेट. आपण उभे आहोत कॅडिलॅक डोंगरावर, १,५३० फुटांवर. या देशात सूर्य सर्वांत आधी दिसतो अशा जागांपैकी ही एक.

पायाखाली गुलाबी ग्रॅनाइट. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरानं घासून गुळगुळीत केलेला. त्याच्या भेगांमधून जी लाल झुडपं पसरलीत, ती रानटी ब्लूबेरीची. गुडघ्याएवढीसुद्धा उंच नाहीत, पण शरदात सगळा माथा तीच रंगवतात.

(डोंगरावरून पूर्वेकडचं जंगल)

आता खाली बघा. पिवळा, नारिंगी, मधूनच भडक लाल. बर्च, ॲस्पेन, मेपल, सगळी पानं गाळणारी झाडं. अकेडिया राष्ट्रीय उद्यानाचा हा पूर्वेकडचा भाग. शरद ऋतूत लोक दुरून येतात ते हे बघायला.

(पश्चिमेकडचं जंगल)

आणि हा त्याच बेटाचा पश्चिमेकडचा भाग. इथे स्प्रूस आणि फर यांचंच राज्य. सूचिपर्णी झाडं, बारा महिने गर्द हिरवी.

बेट एक, पाऊस तोच, थंडी तीच. तरी दोन बाजूंना दोन वेगळी जंगलं. यामागे १९४७ सालची एक आग आहे.

(जुनी छायाचित्रं)

त्या वर्षी उन्हाळा आणि शरद दोन्ही कोरडे गेले. पाऊस नाहीच. झाडाखालचा पाचोळा, काटक्या, सगळं वाळून कडकडीत झालेलं. १७ ऑक्टोबरला बेटाच्या उत्तर भागात धूर दिसला. सुरुवातीचे काही दिवस आग आटोक्यात येईल असं वाटत होतं. २३ तारखेला वाऱ्यानं दिशा बदलली. वादळी वाऱ्यानं ती आग बार हार्बर गावावर आणली आणि तिथून पुढे थेट समुद्रापर्यंत नेली. रस्ते बंद झाले, गावकरी धक्क्यावर जमले, आणि आसपासच्या गावांतले मच्छीमार आपल्या बोटी घेऊन त्यांना सोडवायला आले. धनिकांचे बंगले गेले, साध्या लोकांची घरंही गेली. आग पूर्ण विझली ती नोव्हेंबरच्या मध्यावर. बेटावरचं १७ हजार एकरांहून जास्त क्षेत्र जळलं होतं, त्यातलं १० हजारांहून जास्त उद्यानातलं.

ही छायाचित्रं जरा थांबून बघा. काळे बुंधे, उघडे खडक. तेव्हा कुणालाही वाटलं असतं, इथलं रान संपलं.

(बर्चची पांढरी खोडं, जवळून)

संपलं नव्हतं. आगीपूर्वी इथे बहुतांशी स्प्रूस-फरचंच दाट जंगल होतं. त्याच्या सावलीत बर्च किंवा ॲस्पेनचं रोप वाढू शकत नाही, त्यांना मोकळं ऊन लागतं. आगीनं ते ऊन जमिनीपर्यंत पोचवलं. जळलेली मोठी खोडं माणसांनी काढली, पण नवं जंगल उभं राहिलं ते बहुतेक आपलं आपण. ॲस्पेनला जमिनीखाली जिवंत राहिलेल्या मुळांतून फुटवे आले. बर्चचं बी इतकं हलकं की वाऱ्यानं ते दुरून आणून टाकलं. आज आपण ज्याला शरदाचे रंग म्हणतो, ते जळलेल्या जमिनीवर उगवलेल्या झाडांचे रंग आहेत. जळल्या रानाला मेलं म्हणण्याची घाई करू नये, असं मला इथे फिरताना सारखं वाटत राहिलं.

(पानांचे क्लोज-अप)

पान रंगतं कसं, तेही बघू. दिवस लहान झाला की झाड पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं आणि त्यातलं कामाचं तेवढं परत खोडाकडे ओढून घेतं. बर्चचा पिवळा रंग पानात उन्हाळाभर होताच, हिरव्याखाली झाकलेला. मेपलचा लाल मात्र नवा. तो शरदातच तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा, पण हिम नको, असं हवामान लाभलं की लाल असा पेटतो. तोवर देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा तयार झालेला असतो. मग पान गळायला एक झुळूकही पुरते.

(विच होल तळं, संध्याकाळ)

विच होल तळ्याच्या काठचा हा परिसरही १९४७ च्या आगीत जळला होता. ते पाण्यात हलतंय ते बीव्हर, दातांनी झाडं पाडून पाण्याला बांध घालणारा प्राणी.

कातड्यासाठी झालेल्या शिकारीनं या बेटावरून बीव्हर नाहीसे झाले होते. विसाव्या शतकात ते परत आणून सोडले, पण त्यांची खरी भरभराट झाली ती आगीनंतर. कारण ॲस्पेन आणि बर्चची साल हे त्यांचं आवडतं खाणं, आणि आगीनं नेमकी तीच झाडं वाढवली. बघा, फांदी तोंडात धरून नेतोय. ही हिवाळ्याची बेगमी. घराजवळ पाण्याच्या तळाशी तो फांद्या रचून ठेवतो. तळं वरून गोठलं की बर्फाखालून पोहत येऊन त्यातलीच एक ओढून नेतो. त्याच्या बांधामुळे पाणी अडतं, पाण्यात बेडूक येतात, बेडकांमागे बगळे. बुडलेली झाडं वाळली की त्यांच्या ढोलीत वुड डक ही बदकं घरटं करतात.

(कॅरेज रोड, सायकलस्वार, दगडी पूल)

तळ्याजवळून जाणारा हा खडीचा रस्ता म्हणजे कॅरेज रोड, घोडागाड्यांसाठीचा; धनाढ्य दानशूर जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांनी बांधवून घेतलेल्या रस्त्यांपैकी. उद्यानात असे सुमारे ७२ किलोमीटर आहेत. मोटारींना इथे तेव्हाही बंदी होती, आजही आहे. म्हणून तर पायाखाली पाचोळा वाजलेला ऐकू येतो.

(ऑटर क्लिफ, थंडर होल)

आता समुद्र. कडा सरळ पाण्यात उतरलेला. थंडर होलमध्ये लाट आत घुसते, कपारीतली हवा कोंडते आणि मग हा आवाज. भरती पूर्ण व्हायच्या तासा-दोन तास आधी तो जास्त घुमतो. पलीकडे पाण्यावर डुलणारा काळा-पांढरा थवा ईडर बदकांचा. तळ्यांवरचे लून हे पाणपक्षीही हिवाळ्यासाठी समुद्रावर उतरतात.

(आकाश, शिकारी पक्षी)

वायव्येचा वारा सुटला की कॅडिलॅकवर दुर्बिणी लावून लोक बसतात. उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले ससाणे आणि शिक्रे या किनाऱ्यानं जातात, आणि १९९५ पासून दर शरदात इथे त्यांची मोजदाद होते. तो वेगानं झेपावला तो बहिरी ससाणा. डीडीटी या कीटकनाशकामुळे अमेरिकेच्या पूर्व भागातून तो नाहीसा झाला होता. १९८४ पासून इथे पिल्लं आणून सोडली आणि १९९१ पासून याच कड्यांवर त्याची घरटी होऊ लागली.

(वादळानं उखडलेली किनाऱ्याची वाट)

मेनचं आखात जगातल्या बहुतेक समुद्रांपेक्षा वेगानं तापतं आहे, पानं पूर्वीपेक्षा उशिरा रंगतात, आणि जानेवारी २०२४ च्या वादळांनी किनाऱ्याच्या वाटा तोडल्या.

(बर्चखालची जमीन)

इथे आलात तर गाडी खाली ठेवा आणि कॅरेज रोडनं चाला. बर्चखाली वाकून पाहिलं की हिरवी रोपं दिसतील. ती स्प्रूसची. त्यांना सावली चालते. आगीनंतर आलेला बर्च आता म्हातारा होत आला आहे. तो पडेल तसतशी ही रोपं वर येतील, आणि बेटाची ही बाजू, हवामानानं साथ दिली तर, पुन्हा हिरवी होत जाईल.