मोजणी कोणत्या दिवशी करायची?

(पशुधन, तीव्र उष्मा आणि महापूर या विषयावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

एका प्रश्नाने सुरुवात करतो. ऐन उन्हाळ्यात गाईचं अंग दिवसातून सर्वांत जास्त कधी तापतं? ...मागून कुणीतरी म्हणालं, ‘दुपारी दोनला’. बहुतेकांना तसंच वाटतं. मलाही वाटायचं. गुरांचा डॉक्टर झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी थर्मामीटर घेऊन भर दुपारी गोठ्यात जायचो, ताप बेताचाच निघायचा आणि मी निर्धास्त होऊन परतायचो. एकदा उशीर झाला, पोचेपर्यंत दिवस मावळला. हवा जरा सुसह्य झाली होती, मालक अंगणात बाज टाकून वारा घेत होते. आत गाय मान लांब करून, जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. ताप मोजला, तर एकशेपाच फॅरनहाइटच्या वर.

पाच-सहाशे किलोंचं ते शरीर. दिवसभर उष्णता साठवत जातं आणि रात्री हळूहळू सोडतं. त्यामुळे हवेचा पारा उतरायला लागतो तेव्हा गाईचा पारा अजून चढत असतो, काही तास मागे असतो. आज मला जे सांगायचंय ते याच ‘मागे असण्या’बद्दल आहे. ऊन असो की पूर, जनावराचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. आपण मात्र मोजणी त्याच दिवशी करतो आणि वही मिटतो.

आधी उन्हाचं बघू. गाईचं नॉर्मल तापमान साडेअडतीस अंश सेल्सियसच्या, म्हणजे फॅरनहाइटमध्ये एकशेएकच्या आसपास असतं. माणसाला घाम येतो, वारा लागतो, अंग गार होतं. गाईला घाम येतो, पण आपल्या मानाने फार कमी. म्हशीचं तर विचारूच नका. घामाच्या ग्रंथी गाईपेक्षाही कमी आणि वर काळी कातडी. म्हैस डबक्यात बसते ती हौस म्हणून नाही, तिच्यासाठी तेच घाम येणं आहे. शिवाय गाईच्या पोटातच एक भट्टी असते. कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, अब्जावधी जंतू चारा आंबवत असतात आणि त्यातून सतत उष्णता निघते. चारा जितका जाड, तंतुमय, तितकी ही भट्टी जास्त पेटते. म्हणून बाहेर ऊन वाढलं की गाय शहाणपणाने पहिली गोष्ट करते ती म्हणजे खाणं कमी. मालक म्हणतो, ‘गव्हाणीला तोंड लावत नाही, नखरे करतेय.’ ती नखरे करत नसते, चुलीतलं लाकूड ओढून घेत असते.

तरी दूध घटतं त्यातली साधारण निम्मीच घट कमी खाण्यामुळे होते. उरलेली शरीराच्या आतल्या उलथापालथीमुळे. धाप लागली की कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्ताचा तोल ढळतो. तोंडातून लाळेच्या तारा गळतात. ही लाळ म्हणजे कोठीपोटाचा खायचा सोडा. ती जमिनीवर सांडली, वर रवंथही कमी झालं, म्हणजे पोटात आम्लता वाढणार. मग मालक दूध वाढावं म्हणून चारा कमी आणि पेंड जास्त करतो, आणि आगीत तेल पडतं.

हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. गाईच्या मागच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून उभे राहा आणि कुशीकडे बघा. कूस एकदा वर-खाली झाली की एक श्वास. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. साठच्या वर गेलं तर गाय त्रासात आहे. आणि हे चाळीस अंशांवरच होतं असं समजू नका. जास्त दुधाच्या गाईला पंचवीस अंश आणि निम्मी आर्द्रता इथूनच त्रास सुरू होतो. आपल्याला जी हवा ‘छान’ वाटते, त्या हवेत.

आता एक मोठं उदाहरण. जून २०२२, अमेरिकेतलं कॅन्सस. मांसासाठी पोसलेली, विक्रीच्या वजनाला आलेली गुरं. दोनेक दिवसांत निदान दोन हजार जनावरं मेली. तिथल्या गुरांना ऊन नवीन नव्हतं. पारा अडतीसच्या वर गेला, पण तेवढं तिथे दर वर्षी होतं. त्या वेळी तीन गोष्टी एकदम जुळल्या. हवेत दमटपणा वाढला, वारा पडला आणि रात्र गार झाली नाही. दिवसाची उष्णता रात्री सोडायची, हा जो व्यवहार मी सांगितला, तो बंद पडला. कालची थकबाकी अंगावर घेऊनच जनावर दुसऱ्या दिवसाच्या उन्हात उभं राहिलं. त्यात ही लाट हंगामाच्या सुरुवातीची, शरीर अजून उन्हाला सरावलेलं नव्हतं. म्हणून हवामानाचा अंदाज बघताना मी दिवसाच्या आकड्याआधी रात्रीचा आकडा बघतो. तुम्हीही बघत जा.

मेलेली जनावरं मोजता येतात. आता न मरणाऱ्यांचं काय होतं ते ऐका.

उन्हात गाय बसत नाही. उभं राहिलं की अंगाला सगळीकडून हवा लागते, म्हणून ती तासन् तास उभी राहते. सगळं वजन खुरांवर. पाऊस पडतो, सगळे विसरतात आणि मग दोन महिन्यांनी गाय लंगडायला लागते. आम्हाला बोलावणं येतं, ‘काटा रुतला असेल, बघा.’ काटा नसतोच, तो उन्हाळा असतो. माजाचंही तसंच. उन्हात माज मुका होतो, थोडा वेळ टिकतो, रात्री येऊन जातो, कुणाला पत्ता लागत नाही. भरवली तरी उलटते, गाभ धरत नाही. वळूचं तर आणखी गमतीचं आहे. बीज तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे उन्हाने बिघडलेलं बीज कामाला येतं तेव्हा हवा मस्त गार झालेली असते. दोष गाईला जातो.

आणि गाभण गाय. शेवटच्या दोन महिन्यांत ती भाकड असते, दूध देत नसते, म्हणून सावलीची जागा दुभत्या गाईला आणि ही बाहेर. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी याच गाईंवर वर्षानुवर्षं काम केलं. या काळात उन्हात राहिलेल्या गाईंची वासरं वजनाला कमी भरली, चिकातली प्रतिकारशक्ती त्यांना कमी घेता आली, आणि मोठ्या होऊन त्या कालवडींनी दूधही कमी दिलं. इतकंच नाही, त्यांच्या पोटच्या कालवडींपर्यंत तो परिणाम पोचलेला दिसला. विचार करा, असं का होत असावं? पोटातल्या कालवडीच्या बीजकोशात तिची बीजं आधीच तयार व्हायला लागलेली असतात. बाहेर बांधलेली गाय एक दिसते, पण उन्हात तीन पिढ्या उभ्या असतात. याची नोंद कोणत्या वहीत करणार?

कोंबड्यांबद्दल दोनच वाक्यं. त्यांना घामाच्या ग्रंथी नसतातच, सगळा भार धापेवर. त्या धापेत रक्तातला कार्बोनेट घटतो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. आणि बंदिस्त शेडमध्ये पंखे बंद पडले तर काही तासांत अख्खी शेड जाते, तिथे उशीर वगैरे काही नाही.

आता पुराकडे येऊ. ऊन आणि पूर हे परस्परविरुद्ध वाटतात, पण मूळ एकच आहे. हवा एका अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. जास्त धरलं की पडतानाही जास्त पडतं. २०२२ मध्ये पाकिस्तानात मार्चपासून उष्णतेची लाट होती, मे महिन्यात जेकबाबादला पारा ५१ अंशांवर गेला. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पूर आला, त्यात सतराशेहून जास्त माणसं आणि दहा लाखांहून जास्त जनावरं गेली. उन्हाने खंगलेल्या जनावरालाच पुराला तोंड द्यावं लागलं.

खंगलेलं जनावर म्हणजे काय, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने दाखवलं. तिथे कित्येक वर्षांचा दुष्काळ होता. जानेवारी २०१९ च्या शेवटी पाऊस सुरू झाला तेव्हा लोकांनी आनंद साजरा केला. पाऊस थांबेना. अंदाजे पाच लाख गुरं गेली. त्यातली सगळी बुडून नाही बरं का! कित्येक जनावरं पाण्याबाहेर, उघड्या माळावर मेली. दिवसेंदिवस भिजत, गार वाऱ्यात, चिखलात उभी. अंगावर चरबीचा थर नाही, पोटात चारा नाही, ऊब आणायची कुठून? उष्ण प्रदेशातली गुरं थंडीने मेली. आपण त्यांना ‘पुराचे बळी’ म्हणतो. माझ्या मते ती दुष्काळाची उधारी होती, पुराने फक्त वसूल केली.

बुडण्याबद्दल मात्र मला काही बोलायचंय. गाय पोहते. म्हैस तर उत्तमच पोहते. मग गोठ्यात बुडून कशी मरतात? एका पुरानंतर पाणी ओसरल्यावर मी एका गोठ्यात गेलो होतो. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर गाळाची सरळ रेघ उमटली होती. दोन दावी मोकळी पडली होती, त्या दोन म्हशी वाचल्या होत्या. तिसरं दावं खुंट्यापासून ताणलेलं, तारेसारखं ताठ, आणि त्याच्या टोकाला रेडी. मालक सांगत होता, ‘रात्री पाणी कमरेला होतं, दोघींना सोडलं, तिची गाठ पाण्याखाली गेली, सुटेना.’ ओल्या काथ्याची निरगाठ, अंधार, गार पडलेली बोटं. हातात विळा नव्हता. ते मरण पाण्याचं नव्हतं, गाठीचं होतं.

पाणी ओसरलं की पाहणी होते, मेलेली जनावरं मोजतात, फोटो निघतात. आमचं काम त्यानंतर सुरू होतं. ओल्या दिवसांत घटसर्प उठतो. जमिनीत वर्षानुवर्षं दडून बसलेले फऱ्याचे आणि काळपुळीचे जंतू गाळाबरोबर वर येतात. चिखलात उभं राहून खुरं कुजतात, कासेला कासदाह धरतो. भिजलेली वैरण फेकवत नाही. वाळवून घालू म्हणतात. वरून वाळते, आत बुरशी धरते. त्या बुरशीचं विष एका-दोन दिवसांत दुधात उतरतं, आणि ते दूध घरातलं पोरच पितं. डबक्यांत गोगलगाई वाढतात, त्यांच्यातून यकृतातला चपटा जंत गवतावर येतो आणि दोन-तीन महिन्यांनी जनावर जबड्याखाली सूज घेऊन उभं राहतं. तोवर पूर कुणाच्याही लक्षात नसतो. लस पूर येण्याआधी टोचलेली असेल तरच उपयोगी. ती काम करायला दोन-तीन आठवडे घेते, आणि पुराने तेवढी उसंत कधीच दिलेली नाही.

आणि या सगळ्यात माणूस? उन्हात वैरण कापणारा, धारा काढणारा माणूस? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला की २०३० पर्यंत जगातले २.२ टक्के कामाचे तास उष्म्यामुळे जातील, म्हणजे आठ कोटी लोकांच्या पूर्णवेळ कामाइतके, आणि त्यातले साठ टक्के शेतीतले. आकडा मोठा आहे, पण मला जास्त हादरवतात ते मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर आणि निकाराग्वाचे ऊसतोड मजूर. तिशी-चाळिशीतले धडधाकट पुरुष. ना मधुमेह, ना रक्तदाब, आणि मूत्रपिंडं निकामी. वर्षानुवर्षं रोज उन्हात घाम गाळून पाण्याविना काम, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. तिथेही कुणी एका दिवशी कोसळत नाही. दर हंगामात थोडं थोडं झिजतं. मग पाणी, विसावा आणि सावली या तीन गोष्टी ठरवून देण्याचा प्रयोग तिथे झाला. साध्याच गोष्टी, पण त्या कामाच्या वेळापत्रकात लिहाव्या लागल्या, कारण उक्त्यावर काम करणारा माणूस आपणहून थांबत नाही.

पुराच्या वेळी तर शेतकरी जनावर सोडून निघतच नाही. बाहेरचे लोक त्याला हट्टी म्हणतात. अहो, एक कालवड दुधाला यायला तीनेक वर्षं जातात. तो तीन वर्षं सोडून निघत नसतो. १९७० च्या भीषण चक्रीवादळानंतर बांगलादेशने किनाऱ्यावर मातीचे मोठे उंचवटे उभारले, गुरांसह वर चढून बसता येईल असे. तिथे त्यांना ‘किल्ला’च म्हणतात. आता काही निवाऱ्यांत माणसं वर आणि जनावरं खाली अशी सोयही असते. गुरांना जागा असली की माणूस वेळेत घर सोडतो.

वेळ संपत आलाय, चिठ्ठी आलीये. सावलीच्या छपराची उंची, पंखे, पाण्याचे फवारे यावर प्रश्नोत्तरांत बोलू. फक्त वारा नसताना नुसते फवारे मारू नका, दमट भट्टी होते. पाण्याची टाकी उन्हात असेल तर आज संध्याकाळीच त्या पाण्यात हात घालून बघा.

आणि जाण्याआधी दोन मिनिटं इथे पुढे या. पिशवीत एक दावं आणलंय, टेबलाच्या पायाला बांधतो. निरगाठ सगळ्यांना येते. सुरगाठ अशी घालायची की जनावराने ओढलं तर घट्ट बसेल आणि मोकळं टोक आपण ओढलं तर एका झटक्यात सुटेल. डोळे मिटून, हात ओले करून सोडून बघा. पाण्याची बादली ठेवलीय इथे.