घरापासून भाजी किती लांब? सोलापुरात हे अंतर कसे मोजावे

नमस्कार. आपल्या वस्तीतल्या माणसाला अन्नधान्य आणि भाजीपाला किती सहज मिळतो, हे मोजायचे कसे, यावर आज बोलणार आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रभागातली दुकाने मोजून लोकसंख्येने भागणे. पण रस्त्यापलीकडची मंडई दुसऱ्या प्रभागात येते म्हणून तिथे जायचे कुणी थांबत नाही, त्यामुळे हा आकडा फारसा कामाचा नाही. दुसरा मार्ग जवळच्या दुकानापर्यंतचे अंतर पाहण्याचा. तेही नकाशावर सरळ रेषेत मोजले तर हमखास फसगत होते. रुळांच्या अलीकडे घर आणि पलीकडे दुकान असले, की समजा पाचशे मीटरची रेषा पुलाचा वळसा घेऊन दीड किलोमीटरची होते, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये भरलेली पिशवी घेऊन तेवढे चालणे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून अंतर रस्त्यानेच मोजावे. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा आणि नकाशावर मोजमाप करण्याची क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली दोन्ही मोफत आहेत.

तिसरी पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. आधी प्रत्येक दुकानापासून पंधरा मिनिटांच्या चालीत किती माणसे राहतात ते काढून त्या दुकानाचा दरडोई वाटा ठरवायचा, आणि मग प्रत्येक घराच्या पंधरा मिनिटांत येणाऱ्या सगळ्या दुकानांचे वाटे मिळवायचे. एकाच दुकानावर दहा हजार माणसे विसंबून असली, तर ते दाराशी असूनही वाट्याला थोडेच येते, हे यात दिसते.

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर या वसाहतीत जानेवारी 2024 मध्ये 15,000 घरे कामगारांना देण्यात आली. एवढी वस्ती एकदम उभी राहते तेव्हा ही मोजणी फार मोलाची ठरते. मात्र रेशन दुकान, किराणा आणि भाजी यांची नोंद वेगवेगळी ठेवायलाच हवी. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. त्यात मेथीची जुडी नसते. भाजीची हातगाडी तर नकाशावर सापडतच नाही, ती गल्लीत उभे राहूनच टिपावी लागते. सकाळी दहाला येणारी गाडी, वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करून संध्याकाळी घरी परतणाऱ्या बाईच्या उपयोगाची नाही. म्हणून नोंदवहीत जागेशेजारी वेळेचाही रकाना आखून ठेवा.