श्टुटगार्टमधला शेजार

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबाविषयी बोलायचे म्हटले की गणेशोत्सव, फराळ आणि मुलांचे मराठी हे तीन विषय हटकून निघतात. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात नवरा, दोन मुले आणि मी असा संसार मांडल्यावर मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो इमारतीच्या जिन्यात. आपले खासगी आयुष्य कुठे संपते आणि शेजाऱ्याचा हक्क कुठे सुरू होतो, याविषयी दोन समाजांच्या कल्पना किती वेगळ्या असू शकतात, हे त्या जिन्यात रोज दिसते, आणि त्याविषयीच आज मी आपल्याशी बोलणार आहे.

श्टुटगार्ट ही नैऋत्य जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याची राजधानी. मध्ये खोलगट भागात वसलेले शहर, भोवती टेकड्या, आणि त्यांच्या उतारांवर शहराच्या हद्दीतच द्राक्षांचे मळे. मुंबईशी या शहराचे १९६८ पासून भगिनी-शहराचे नाते आहे. परंतु इथे येणारे मराठी कुटुंब मोटारींच्या वाटेने येते. मर्सिडीज-बेंझ, पोर्शे आणि बॉश या तिन्ही कंपन्यांची मुख्य ठाणी याच परिसरात आहेत. त्यामुळे कोणी चाकणहून येतो, कोणी पुण्याहून, तर कोणी नाशिकहून, जिथे बॉशच्या कारखान्याला जुनी माणसे अजून ‘मायको’च म्हणतात. अशा कुटुंबाला कंपनीविषयी बरेच ठाऊक असते. इमारतीविषयी काहीच ठाऊक नसते.

पहिले काही आठवडे कागदपत्रांत जातात. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, आणि तिथे तुमचा धर्मही विचारतात, कारण नोंदणीकृत ख्रिस्ती मंडळींकडून प्राप्तिकराबरोबरच चर्चचा करही सरकारच वसूल करते. भाड्याचे घर पुष्कळदा ओट्याशिवाय आणि सिंकशिवाय मिळते. आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर उचकटून बरोबर घेऊन गेलेला असतो. मग एक दिवस सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे पत्र येते. घरात रेडिओ असो वा नसो, प्रत्येक घरामागे २०२१ पासून दरमहा १८.३६ युरो भरावे लागतात. एकेकाळी आपल्याकडेही रेडिओचा परवाना पोस्टातून काढावा लागत असे, हे ज्येष्ठ श्रोत्यांना आठवत असेल.

हे सारे एकदाचे आटोपते. जिना मात्र आटोपत नाही.

श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन प्रदेशात ‘केअरवोखं’ नावाची प्रथा आहे. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आळीपाळीने एकेक आठवडा सामाईक जागा झाडायच्या आणि पुसायच्या. लहान पाळी म्हणजे आपल्या मजल्यावरचा जिना आणि बोळ. मोठी पाळी म्हणजे तळघर, कचऱ्याचे डबे ठेवण्याची जागा, दारासमोरचा पदपथ, आणि हिवाळा असेल तर त्यावरचे बर्फही. पाळी कोणाची आहे हे दर्शविणारी एक पाटी दाराच्या मुठीला अडकवलेली असते आणि आठवडा संपला की ती पुढच्या दारावर जाते. कचरा दर आठवड्याला बाहेर नेण्याचे बंधन या शहराच्या १४९२ च्या नियमांतही होते. महापालिकेने १९८८ मध्ये आपल्या बाजूने या पाळीची सक्ती काढून टाकली. तरी भाडेकरारांतून आणि इमारतींच्या नियमावल्यांतून ती टिकून आहे. अलीकडे काही इमारती हे काम पैसे देऊन करून घेतात, पण आमच्या इमारतीला ते पसंत नाही.

सासूबाई आणि सासरे पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा दारावर ती पाटी होती. सून हातात बादली घेऊन जिना पुसते आहे हे पाहून सासऱ्यांचा चेहरा उतरला. “इथे कोणी माणूस मिळत नाही का?” असे त्यांनी दबक्या आवाजात विचारले. माणूस मिळत नाही असे नव्हते; वरच्या मजल्यावरचे निवृत्त डॉक्टरसुद्धा आपल्या पाळीत गुडघे टेकून पायऱ्या पुसत होते. मला त्या प्रश्नाचा राग आला नाही, कारण तो एका माणसाचा प्रश्न नव्हता. आपल्या पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांत जिना झाडणारी व्यक्ती रोज येते, आणि कितीतरी रहिवाशांना तिचे पूर्ण नावही माहीत नसते. जिना सर्वांचा असतो, परंतु केर मात्र ठरावीक लोकांनी काढायचा असतो. परदेशी येऊन शिकण्यासारखे माझ्या मते फार थोडे असते, पण त्या थोड्यांत मी या पाळीचा समावेश करते. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी झाडू मागून घेतला. त्यामागे पटणे किती आणि कंटाळा किती, हे मी विचारले नाही.

शेजाऱ्याचा दुसरा हक्क तुमच्या आवाजावर. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, आणि रविवारी तर दिवसभर. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिले आणि १९४९ च्या आजच्या राज्यघटनेने ते कलम तसेच पुढे चालू ठेवले. त्यामुळे रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, भिंतीत खिळा ठोकता येत नाही, आणि रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काचेच्या टाकीत टाकणेही चालत नाही, कारण त्या फुटतात तेव्हा आवाज होतो. मराठी घराचा रविवार तर आवाजाचाच असतो! मिक्सरवर वाटण, कुकरच्या शिट्ट्या, पोळपाट-लाटण्याचा ठेका, आणि दुपारी भावाबहिणींशी मोठ्याने फोन. आमच्याकडे आता डोशाचे पीठ आणि ओल्या नारळाचे वाटण शनिवारी संध्याकाळीच होते. मुलांच्या बाबतीत मात्र कायद्याने समंजसपणा दाखवला आहे. पाळणाघरे आणि खेळाची मैदाने यांतून येणारा मुलांचा आवाज हा सामान्यतः उपद्रव मानता येणार नाही, अशी तरतूद २०११ मध्ये केंद्रीय कायद्यातच करण्यात आली. मुलांच्या हसण्या-ओरडण्यासाठी संसदेला कायदा करावा लागला, यावर हसावे की कौतुक करावे, ते श्रोत्यांनी ठरवावे.

आता याची दुसरी बाजू. तुमच्या कचऱ्यात कागद आणि ओला केर एकत्र झाला तर शेजारी दारावर येऊन सांगेल. पण तुमच्या नवऱ्याचा पगार किती, घरभाडे किती, दुसरे मूल केव्हा, आई-वडील बरोबर का राहत नाहीत, हे तो कधीही विचारणार नाही. आम्हांला सुरुवातीला हे तुटकपणाचे वाटले. पुढे लक्षात आले की आपुलकीलाही इथे ठरलेल्या वाटा आहेत. घरी कोणी नसताना आलेले टपालाचे पुडके शेजारी बिनबोभाट ठेवून घेतात. सुट्टीवर जाताना घराची किल्ली आणि कुंड्या समोरच्या बाईंकडे जातात. आणि घरात समारंभ असेल तर आधी जिन्यात चिठ्ठी लावण्याची रीत आहे: अमुक दिवशी अमुक वेळेत थोडा गोंगाट होईल, क्षमस्व. गणपतीच्या दिवसांत आम्ही अशी चिठ्ठी लावतो, तीत आरतीची वेळ लिहितो आणि शेजाऱ्यांना बोलावतो. तळमजल्यावरचे गृहस्थ एका वर्षी आले, झांजांच्या गजरात शांतपणे उभे राहिले, मोदक खाल्ला, आणि “आवाज साडेसातला थांबेल असे लिहिले आहे, ते नक्की ना?” असे विचारून गेले. मला ते आवडले. शंका होती, ती तोंडावर विचारली आणि उत्तर मिळाल्यावर विषय संपला.

मुलांच्या वाढदिवसाच्या निमंत्रणातही सुरू होण्याच्या वेळेबरोबर संपण्याची वेळ छापलेली असते. तीन ते सहा म्हणजे सहाला पालक दारात हजर. “आता जेवूनच जा” असे म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या आईला हे शिकायला वेळ लागतो, मुलांना लागत नाही. त्यांच्या आजीचा गोंधळ वेगळा. इथे शाळेत एक ते सहा असे गुण देतात आणि एक हा सर्वोत्तम. नातीने फोनवर “गणितात एक मिळाला” असे आनंदाने सांगितले, तेव्हा आजीने तिला काही न बोलता फोन माझ्याकडे द्यायला सांगितला.

शाळेच्या बाबतीत अधिक गंभीर प्रश्न दोन आहेत. पहिला सुट्टीचा. शाळेत जाणे ही इथे कायदेशीर सक्ती आहे. घरी शिकवण्याची मुभा जवळजवळ नाही, आणि शाळेच्या परवानगीवाचून चार दिवस आधी भारतात निघालेल्या पालकांना दंड होऊ शकतो. शेजारच्या बवेरिया राज्यात तर सुट्टीपूर्वी विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या पालकांची चौकशी केल्याच्या बातम्याही आल्या आहेत. मामाचे लग्न फेब्रुवारीत असेल तर मामाला ते कळत नाही आणि मुख्याध्यापिकेला मामा कळत नाही. दुसरा प्रश्न चौथीनंतरचा. प्राथमिक शाळा चार वर्षांची असते आणि मूल साधारण दहा वर्षांचे असताना ते पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार, विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये की आणखी कुठे, हे ठरू लागते. पुढे वाट बदलता येते, पण घरी जर्मन न बोलणाऱ्या मुलासाठी हे वय फार लवकरचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. जिन्याच्या बाबतीत मी या समाजाची बाजू घेते. इथे घेत नाही.

राहता राहिली वडील माणसे, आणि इथे शेजार हा विषय पुन्हा पुण्याकडे वळतो. पर्यटक म्हणून येणाऱ्या आई-वडिलांना शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, तेही किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्यासह. १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कर्मचारी म्हणून प्रथम निवासपरवाना मिळाला, त्यांना आई-वडिलांना, आणि जोडीदारही इथेच स्थायिक असेल तर सासू-सासऱ्यांनाही, राहण्यासाठी आणण्याची वाट नव्या कायद्याने खुली केली. आम्ही त्याआधी आलो, म्हणून ती आमच्यासाठी नाही. आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांचीही गाडी वृद्धांच्या आरोग्यविम्यापाशी अडते, कारण सत्तरीच्या माणसाला पूर्ण संरक्षण देणारा खासगी विमा अतिशय महाग पडतो.

म्हणून सासू-सासरे वर्षातला बहुतेक काळ पुण्यात राहतात. मागच्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या, तेव्हा त्यांना रिक्षातून रुग्णालयात नेले ते शेजारच्या काकूंनी, आणि आम्हांला फोनही त्यांनीच केला. या त्याच काकू, ज्यांच्या चौकशांमुळे मी नवी नवरी असताना जिन्यात त्यांना टाळून जात असे. माझ्या नवऱ्याचा पगार त्यांना आजही बरोबर ठाऊक आहे. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या डब्यात असतात, तेही फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

नमस्कार.