मांजरीच्या पोटातली भेग

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली ही कांस्याची मांजर. उंची 42 सेंटिमीटर. कानांत सोन्याच्या बाळ्या, नाकातही एक रिंग. हे सोनं मूळचं तिचंच असेल, याची मात्र खात्री नाही. सुमारे 2600 वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये ती मांजरीच्या रूपातल्या बास्तेत देवीसाठी ओतली गेली.

1930च्या दशकात ती कैरोत राहणाऱ्या रॉबर्ट गेयर-अँडरसन यांच्या हाती आली. हा माणूस माजी लष्करी डॉक्टर आणि हाडाचा संग्राहक. मूर्तीवरची पुटं त्यांनी स्वतःच काढली. आज मांजर अखंड दिसते. पण एक्स-रे काढल्यावर कळलं, की धडाभोवती जवळजवळ पूर्ण वेढा घालणारी भेग आहे. आतून आधार दिलाय, म्हणून डोकं जागेवर आहे. बाहेरचा हिरवा रंगही नंतरचाच.

म्हणून इजिप्शियन कांस्य पाहताना मी चेहरा शेवटी पाहीन. आधी तळ, सांधे, जोड दिलेल्या जागा. अशा बऱ्याच मूर्ती मेणाचा नमुना मातीच्या साच्यात वितळवून, आत माती-वाळूचा गाभा ठेवून ओतलेल्या असतात. तो गाभा कुठे कुठे अजून शिल्लक असतो.

आता अशा कांस्यावर कधी कधी दिसणारे फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके बघा. जुना, घट्ट हिरवा थर धातूला सांभाळतो, हे ठिपके त्याला खातात. जमिनीतले क्लोराइड, म्हणजे मिठासारखे क्षार, धातूत मुरलेले असतात. दमट हवा लागली की गंज पुन्हा सुरू. याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. नुसतं खरवडून तो जात नाही. मूर्ती कोरड्या हवेत ठेवावी लागते.

धातूवर उपचार तरी होतात. खोट्या कागदांचं काय?

इजिप्तच्या 1983च्या कायद्याने पुरावस्तू सरकारच्या मालकीच्या ठरल्या, त्यांचा व्यापार बंद झाला. त्यामुळे वस्तू त्याआधीच देशाबाहेर होती, हे दाखवण्यातच सगळी किंमत. न्यूयॉर्कचा व्यापारी फ्रेडरिक शुल्ट्झ आणि त्याचा ब्रिटिश साथीदार यांनी तर ‘थॉमस अल्कॉक संग्रह’ नावाचा एक जुना संग्रहच रचला. लेबलं जुनी दिसावीत म्हणून ती चहात भिजवली! एक दगडी शिर प्लास्टिकचा थर देऊन, पर्यटकांच्या बाजारू भेटवस्तूसारखं रंगवून इजिप्तबाहेर काढलं. 2002 साली न्यायालयाने शुल्ट्झला दोषी ठरवलं आणि 33 महिन्यांची कैद सुनावली.

विक्रेता ‘आजोबांच्या काळापासून घरात आहे’ म्हणाला, तर जुना फोटो मागा, लिलावाची यादी मागा, आणि त्यातली भेग समोरच्या मूर्तीतल्या भेगेशी जुळवून पाहा.